नारळावर नसलेला हात

भाऊंबद्दल माझी एक तक्रार आहे. समोरचा माणूस चुकतोय, त्याचं तोंड सुटलंय, दहा जण ऐकतायत, अशा वेळी ज्याची बाजू खरी आहे त्याने एक वाक्य बोलायला काय हरकत असते? भाऊ बोलले नाहीत. बोलले असते तर मी हे लिहायला बसलो नसतो. माझा स्वभाव तापट आहे हे लालबागमध्ये सगळ्यांना माहीत आहे, आणि भाऊंना तर मी सतरा वर्षांचा असल्यापासून माहीत होतं. म्हणून राग अजून त्यांच्यावरच येतो. मग लाज वाटते. लाज गेली की पुन्हा राग येतो.

भाऊ म्हणजे आमच्या खोलीचे भाऊ. ही खोली कुणा एकाची नव्हे. गिरण्या जोरात होत्या तेव्हा कोकणातल्या गावांनी गिरणगावात अशा खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. गावाहून येणाऱ्याने ट्रंक घेऊन सरळ तिथे यायचं, पाळीपाळीने झोपायचं, खानावळीत जेवायचं. आमच्या मधल्या वाडीची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. मी आलो तेव्हा गिरण्या संपत आल्या होत्या, पण खोलीत चौदा जण होते. भाऊ दाराशी चटईवर बसून आदल्या दिवशीचा पेपर वाचत होते. ताजा पेपर त्यांनी कधी घेतला नाही. खालचा वाणी दुसऱ्या दिवशी रद्दीत टाकण्याआधी त्यांना द्यायचा. "बातमी एक दिस शिळी झाली की खरी किती ता कळता," असं म्हणायचे.

मला त्यांनी विचारलं, "कोणाचो रे तू?"

मी वडलांचं नाव सांगितलं.

"बापाचा नाव पाकिटार असता. आवशीचा सांग."

"सुमती."

"म्हणजे सुमतीचो. ये, बस."

त्यानंतर मी कायमचा सुमतीचो झालो. पुढे माझ्या स्वतःच्या बसेस झाल्या, लालबागमध्ये ऑफिस झालं, लोक मला दिगंबरशेठ म्हणू लागले, तरी भाऊ भर रस्त्यात "ओ सुमतीचो!" अशी हाक मारायचे. एकदा ऑफिसात मोठं गिऱ्हाईक बसलेलं असताना दारातून मारली. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

खोलीतल्या प्रत्येकाला ते असंच आईच्या नावाने ओळखायचे. कारण साधं होतं. वाडीतल्या बहुतेकांना लिहिता यायचं नाही, आणि गावी जाणाऱ्या मनीऑर्डरी भाऊ लिहून द्यायचे. मनीऑर्डरच्या खाली कुपन असायचं, त्यावर चार ओळींचा मजकूर मावायचा. वीसपंचवीस वर्षं भाऊंनी वाडीतल्या बायकांना ती चार ओळींची पत्रं लिहिली. कुणाची गाय आटली, कुणाची मुलगी पहिलटकरीण आहे, कुणाच्या घराची कौलं फुटली, ते त्यांना नवऱ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी मुळापासून नव्हती. ती गिरणीत गेली होती. मतदानाच्या दिवशी सगळे एकमेकांची शाई बघायचे, तेव्हा भाऊ चार बोटांचा हात वर करून म्हणायचे, "माज्या बोटार गिरणीन कायमचो शिक्को मारल्यान." सगळे हसायचे. दरवेळी तोच विनोद आणि दरवेळी तेच हसणं. त्या हसण्यात उरलेल्या चार बोटांकडे बघायचं कुणालाच सुचलं नाही.

आता मतदानाचं सांगतो. आमची वाडी कोकणात आहे, पण तिचं मत लालबागच्या खोलीत ठरायचं. इथे गिरणीच्या फाटकावर ज्यांचा झेंडा असेल त्यांना तिथे भातशेतीतल्या बायकांनी मत द्यायचं, ज्यांनी गिरणीचं फाटकही पाहिलेलं नसायचं. इथला झेंडा बदलला की सहा महिन्यांत वाडीचाही बदलायचा. आमदारकी असो की ग्रामपंचायत, मतदानाआधी एका रविवारी खोलीत बैठक व्हायची, वाडीच्या मंडळाचे जाणते लोक नाव सांगायचे आणि ग्रामदेवतेच्या फोटोसमोर नारळ ठेवला जायचा. भाऊ गाऱ्हाणं घालायचे. "बा देवा म्हाराजा, मधल्या वाडीची लेकरां आज तुज्यासमोर एक झाली हत..." आणि सगळे "व्हय म्हाराजा" म्हणायचे. मग एकेक जण पुढे होऊन नारळाला हात लावायचा. हात लावला म्हणजे शब्द दिला. घरचा पुरुष हात लावायचा आणि त्याच्यासोबत गावाकडच्या बायकांची मतं मोजली जायची. शेवटी भाऊ नारळ फोडायचे.

ते स्वतः हात लावत नसत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "फोडणाऱ्यान हात लावूचो नसता." आम्हाला वाटलं, रीत असेल.

भाऊंवर माझा एक जुना राग होता, तोही सांगून टाकतो. माझी पहिली बस रस्त्यावर आली त्या वर्षी गणपतीला मी वाडीतल्याच एका म्हातारीची सीट दुसऱ्याला दिली. तिला महाडपर्यंत इंजिनाजवळच्या पत्र्यावर बसावं लागलं. धंदा नवा होता, हप्ते डोक्यावर होते, मी काय करणार? भाऊंनी पुढच्या बैठकीला तिला बोलावून घेतलं आणि मला उभं केलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "सुमतीचो, हिच्या पायाक हात लाव." चाळीस लोकांसमोर मी वाकलो. म्हातारी बिचारी विसरलीसुद्धा. मी विसरलो नाही. मी घासाघीस करून वर आलेला माणूस आहे, माझ्या लक्षात सगळं राहतं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी माझा धाकटा भाऊ नरेश ग्रामपंचायतीला उभा राहिला. म्हणजे मी उभा केला. गावात आपलं माणूस पाहिजे, असं मला वाटत होतं. रस्ता, गाड्यांचा थांबा, बऱ्याच गोष्टी होत्या. खोलीने नाव ठरवलं. आणि इतिहासात पहिल्यांदा वाडीतून दुसरा अर्ज आला. सुलभा. आमच्या घरापासून तिसरं घर तिचं, नवरा वारलेला, बचत गट चालवते. ती गावात उघड म्हणत होती, "आमचा मत लालबागच्या खोलीत कित्याक ठरता? थंयसून कोण येता आमच्या पाणंदीतलो चिखल काढूक?"

मी भाऊंकडे गेलो. भर दुपारी ते एकटेच होते, बशीत चहा ओतून गार करत होते. मी म्हटलं, "भाऊ, गावच्या बायका तुमचं ऐकतात. दहाबारा फोन करा. बस्स."

त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "तुका शेवंतीचा सांगतंय." शेवंती म्हणजे त्यांची बायको, मी मुंबईत यायच्या आधीच वारलेली. "पूर्वी मी कुपनार लिवी होतंय. तांदूळ घ्या, कौलां परता, मत अमक्याक घाला. सगळ्यांच्या कुपनार एकच नाव. एका वर्षी मे म्हैन्यात गेलंय घराक. शेवंतीक इचारलंय, मत घातलंस? म्हणाली, नाय. पोस्टमन उशिरा इलो, कुपन इला नाय, मगे मत कसा घालतलंय?" भाऊंनी रिकामी बशी खाली ठेवली. "माका आधी हसाक इला. मगे जेवणच जाईना. ती रांगेसून परत इल्ली रे. शाळेपर्यंत गेल्ली, आणि कुपन नाय म्हणान परत इल्ली. माजी लाज वाटली माका. तवसून कोणाक नाव सांगूक नाय."

मला त्यात लाजण्यासारखं काय होतं ते कळलं नाही. मी म्हटलं, "म्हणजे फोन करणार नाही?"

"पाणी देईन रांगेत. फोन नाय."

ते खरंच पाणी द्यायचे. ग्रामपंचायतीच्या दर मतदानाला आमच्या बसने गावी यायचे, शाळेच्या पायरीवर कळशी आणि तांब्या घेऊन बसायचे आणि रांगेतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाणी पाजायचे. त्या वेळीही आले. मी दोन बसेस फुकट सोडल्या होत्या, चहा-वडापाव वेगळा. मी वहीत नाही, डोक्यात हिशेब ठेवतो. खोलीतले, बसमधले, घरचे, बायकांचे धरून नरेशची एकाहत्तर मतं पक्की होती. मतदारयादी मी पाहिली होती, पण कुंपणावर बसलेल्यांची नावं शोधायला. भाऊंचं नाव यादीत शोधायला कोण जातं? देऊळ उघडून देव आत आहे का, हे कुणी बघतं?

मोजणीत नरेशला एकोणसत्तर मतं पडली. सुलभालाही एकोणसत्तर. मग चिठ्ठी काढली. चिठ्ठी सुलभाची निघाली.

 परत येताना बसमध्ये मी पुढच्या सीटवर बसून एकच गोष्ट मोजत होतो. दोन मतं कमी होती. एक जरी पडलं असतं तरी चिठ्ठीची वेळ आली नसती. कशेडीचा घाट येईपर्यंत मला उत्तर मिळालं होतं. नारळाला हात न लावलेला एकच माणूस होता, आणि तोच फोन करायला नाही म्हणाला होता.

पुढच्या रविवारी मी बैठक बोलावली. भाऊ नेहमीच्या जागी दाराशी बसले होते. मी उभा राहिलो.

"एक मत तुमचं आणि एक तुम्ही फोडलेलं. कुणाचं फोडलंत तेवढं सांगा."

"मी कोणाचा फोडूक नाय."

"नारळाला हात लावला होतात?"

"नाय."

"झालं तर मग! खोलीचं खाऊन खोलीशी फितुरी? सुलभाने काय देऊ केलं तुम्हाला? की या वयात..." आणि मी जे बोललो ते इथे लिहिणार नाही. मेलेल्या शेवंतीचंही नाव घेतलं एवढं सांगतो.

भाऊ माझ्याकडे बघत राहिले. खूप वेळ. मग म्हणाले, "सुमतीचो..." आणि थांबले.

मला वाटलं, गयावया करतायत. मी ओरडलो, "माझ्या आईचं नाव मध्ये आणायचं नाही!"

त्यांनी मान हलवली. "नाय आणूचंय," एवढंच म्हणाले.

मी किल्ली मागितली. खोलीची किल्ली ते कडदोऱ्याला बांधायचे. गाठ घट्ट बसली होती, चार बोटांच्या हाताने सुटेना. खोलीतलं कुणी पुढे झालं नाही, सगळे खाली बघत होते. त्यातल्या निम्म्यांना भाऊंनी नोकऱ्या लावून दिल्या होत्या. शेवटी त्यांनी दातांनी गाठ सोडवली आणि किल्ली चटईवर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंक घेऊन ते अँटॉप हिलला भाचीकडे गेले. सरकारी वसाहतीतलं घर, दुसरा मजला. चाळीस-पन्नास वर्षं ज्या दारात बसले तिथे त्यांची चटई तेवढी राहिली. ती मी उचलायला लावली.

त्यानंतर वर्षभराने महापालिकेची निवडणूक लागली. मी ओळखीच्या उमेदवारासाठी लालबागच्या शाळेपासून ठरलेल्या अंतरावर टेबल टाकून बसलो होतो. शेजारचा पोरगा यादीतली नावं शोधून मतदारांना चिठ्ठ्या लिहून देत होता. सकाळी नऊच्या सुमारास टेबलासमोर इस्त्रीचा पांढरा सदरा आला आणि ओळखीच्या आवाजात स्वतःचं नाव सांगितलं. सखाराम. पोराने यादीत बोट फिरवलं. "हे बघा आजोबा, आहे." आणि चिठ्ठी फाडून दिली.

भाऊंनी मला पाहिलं, मान हलवली आणि रांगेकडे गेले. मी यादी ओढून घेतली. नाव होतं. चाळीचा पत्ता होता.

ते बाहेर येईपर्यंत मी फाटकाशी उभा राहिलो. आले तेव्हा शाई मधल्या बोटाला होती. ती मी पहिल्यांदाच पाहिली.

"तुमचं नाव इथे आहे?"

"मगे खंय असतला?"

"आणि गावात?"

"गावातला शेवंती गेली त्याच वर्षी काढून घेतलंय. अर्ज देऊन. एका माणसाची दोन दोन मतां कशी रे? आणि मी नळाचा पाणी लालबागचा पितंय, मगे मत थंय कशाक?"

मी स्वतः दोन्हीकडे मत देतो. वाडीतले अर्धे लोक देतात, मीच त्यांना बसमध्ये भरून नेतो. शाई कशी पुसायची तेसुद्धा मीच सांगतो.  पण बोललो ते वेगळंच. मी चिडलो. "मग त्या दिवशी हे सांगायला तोंड नव्हतं का? एक वाक्य! मला गावात मतच नाही, एवढं एक वाक्य!"

लोक बघायला लागले. भाऊ मला हाताला धरून बाजूला, उसाच्या गाडीपलीकडे घेऊन गेले.

"तू दोन मतां शोधी होतंस," ते म्हणाले. "माजा नायच असा सांगितला असता, तर एक उरला असता. मगे तू ता शोधीत गेलो असतंस. आणि ता तुका गावला असता."

"कुणाचं आहे ते? तुम्हाला माहीत आहे?"

"मत गुप्त असता, सुमतीचो." आणि ते बस स्टॉपकडे गेले.

सुमतीचो. मी त्या शब्दापाशी तिथेच उभा राहिलो. बैठकीतही ते एवढंच म्हणाले होते आणि थांबले होते.

त्याच आठवड्यात मी गावी गेलो. आई पडवीत बसून चिंचेचे चिंचोके काढत होती. तिचं मत मी एकाहत्तरात सगळ्यात पहिलं मोजलं होतं. घरचं मत मोजण्याआधी विचारायचं असतं, असं माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"आई, तू नरेशला मत दिलंस ना?"

"नाय," ती म्हणाली. हात चालूच होते. "सुलभाक दिलंय."

असं सरळ. जसं काही मी भाजी काय केलीस म्हणून विचारलं होतं.

"माज्या डोळ्यांचा आपरेशन झाला तेवा तुमी दोघव झील मुंबैक होतात. दीड म्हैनो डोळ्यांत औषद कोणी घातल्यान? तीच येय. दिवसात चार येळा. नरेशान काय केल्यान? बॅनर लावल्यान."

आणि मी ओरडलो. जे टळावं म्हणून एका म्हाताऱ्याने आपली जागा सोडली, तेच मी केलं. पोटच्या पोराला पाडलंस, वाडीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, सगळं बोललो. शेजारच्या घरातून माणसं अंगणात आली. आई चिंचोके काढत राहिली. माझा श्वास संपला तेव्हा ती उठली, फळीवर चाचपडून औषधाची बाटली काढली आणि माझ्या हातात दिली. अजूनही तिला दिवसातून एकदा घालावं लागतं.

"सुलभा आज तालुक्याक गेली हा. आता तू घाल."

ती मान वर करून बसली. पहिला थेंब गालावर पडला. दुसराही. तिने पदराने गाल पुसला आणि पुन्हा मान वर केली.

"भाऊंका मी त्याच दिवशी सांगितलेलं," डोळे मिटून ती म्हणाली. "शाळेच्या पायरेर. म्हटलं, भाऊ, आज पयल्यांदा माज्या मनान मत घातलंय. ते मोठ्यान हसले, आणि माका आणखी एक तांब्यो पाणी दिल्यानी. बरे आसत मां भाऊ? खोलीतच आसत?"

"बरे आहेत," मी म्हटलं. "खोलीतच आहेत."

मुंबईला आल्यावर मी किल्ली घेऊन अँटॉप हिलला गेलो. भाऊ गॅलरीत खुर्चीवर बसून पेपर वाचत होते. तारीख बघितली. ताजा होता. भाचीकडे रोज येत असणार. मी किल्ली त्यांच्यासमोर धरली आणि म्हटलं, "चला. चटई टाकलीय." माफी मागायची असं ठरवून गेलो होतो, पायाला हात लावायचा असंही ठरवलं होतं. त्या म्हातारीच्या पायाशी वाकलो होतो तसं. वाकलो नाही. आयुष्यभर सौदे केले, पण समोरच्याने काहीच मागितलं नाही तर काय द्यायचं, ते मला येत नाही.

"आता खंय जिने चढू रे," ते म्हणाले. "तूच ठेव ती." मग पेपराची घडी केली आणि हळू आवाजात विचारलं, "सुमतीन सांगितल्यान तुका?"

"हो."

"ओरडलंस नाय मां तिका?"

त्यांनी एवढं एकच विचारलं. वर्षभर अँटॉप हिलच्या त्या गॅलरीत बसून या माणसाला एवढीच एक काळजी होती.

"नाही," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. बैठकीत बघितलं होतं तसंच, तेवढाच वेळ.

"बरा केलंस," ते म्हणाले.

मी जिना उतरून खाली आलो. वसाहतीच्या फाटकापाशी मागे वळून बघितलं तर भाऊ कठड्याला धरून उभे होते. त्यांनी डावा हात वर केला. इतक्या लांबूनही चार बोटं मोजता येत होती. मी हात वर केला नाही. माझ्या मुठीत किल्ली होती.